रॅम भंगारात देऊ नकोस

ताई, नमस्कार. मी बार्शीला असतो, एका पतसंस्थेत नोकरी करतो. २०१९ मध्ये डिप्लोमाला असताना वडिलांनी पीसी घेऊन दिला. एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड आणि ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम. पाकिटावर ३२०० लिहिलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी पगारातून आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि १४४ हर्ट्‌झचा फुल एचडी मॉनिटर घेतला. तरी काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर झाला, चार-पाच जण एका जागी आले की फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन पडतात आणि मध्येच अडकल्यासारखं होतं. सायबरपंक २०७७ मात्र बरा चालतो. आता भिशीचा नंबर लागलाय, हातात २० हजार आहेत. सोलापूरचे दुकानदार म्हणतात, ही रॅम जुनी झाली, भंगारात द्या, डीडीआर५ वर या, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळंच बदला. त्यांचं कोटेशन माझ्या ऐपतीबाहेरचं आहे. मित्र म्हणतो एएमडीचाच ५८००एक्स३डी प्रोसेसर शोध, जुना मिळाला तरी घे. मावसभाऊ म्हणतो इंटेलचा आय५ १२४००एफ घे, त्याला डीडीआर४ चालते. मी पार गोंधळलोय. गेम चालू असतानाचे आणि टास्क मॅनेजरचे फोटो जोडतोय. रॅम तीच ठेवून प्रोसेसर बदलता येईल का, आणि कुठला घेऊ?
— एक वाचक, बार्शी

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी आधी फोटो उघडले. बरं झालं पाठवलेस. दुसऱ्या फोटोत मेमरीचं पान आहे. त्यात खाली उजवीकडे बारीक अक्षरांत 'स्पीड' असं आहे आणि त्याच्यापुढे आकडा आहे २१३३. तू म्हणतोस पाकिटावर ३२०० आहे. दोन्ही खरं आहे. ज्या रॅमला दुकानदार जुनी म्हणतायत, ती गेली इतकी वर्षं तुझ्या मशीनमध्ये पुरती चाललेलीच नाही.

रॅम बोर्डावर बसवली की ती आपोआप पाकिटावरच्या गतीने धावत नाही. बोर्ड तिला आधी सावध गतीवर ठेवतो, कुठल्याही प्रोसेसरला झेपेल अशा. वरची गती हवी असेल तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन एक सेटिंग हाताने चालू करावी लागते. त्याचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव एक्सएमपी. एमएसआयच्या बोर्डांवर ते ए-एक्सएमपी म्हणून दिसतं, असुसच्या बोर्डांवर डीओसीपी म्हणून. तुझं मशीन ज्यांनी जोडून दिलं त्यांनी ते केलं नसेल, किंवा मधे कधी बोर्डाचा बटण सेल संपून सेटिंग पुसली गेली असेल. कारण काही असो, नुकसान मोठं आहे. २१३३ वर तुझ्या दोन स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त ३४ जीबी माहिती जाऊ शकते, ३२०० वर ५१ जीबी. म्हणजे दीडपट.

आणि २६०० ला हे जास्तच जाचतं. त्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे सहा भाग आहेत, पण ते तीन-तीनच्या दोन गटांत बसवलेले आहेत. एका गटाला दुसऱ्या गटाशी बोलायचं झालं तर मधल्या एका रस्त्याने जावं लागतं. एएमडी त्या रस्त्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणते, आणि त्याची गती रॅमच्या गतीला बांधलेली असते. रॅम सावकाश चालली की तो रस्ताही सावकाश चालतो. म्हणून तुझ्याकडे रॅम तर मंद आहेच, प्रोसेसरचे स्वतःचे कोअरसुद्धा एकमेकांची वाट बघतायत.

तेव्हा आज रात्री, एक रुपयाही खर्च न करता, हे कर. मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, बायॉस उघडेल. एक्सएमपी चालू कर, सेव्ह करून बाहेर ये. विंडोज सुरू झाल्यावर तोच आकडा पुन्हा बघ. ३२०० दिसलं तर उत्तम. मात्र २००० मालिकेच्या रायझनला एएमडीने अधिकृतपणे २९३३ पर्यंतचीच हमी दिलेली आहे, त्याच्या वर चालली तर आपलं नशीब. मशीन अडलं, दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊन जुन्या गतीवर परत आलं, तर घाबरू नकोस. गती २९३३ वर ठेवून बघ. स्क्रीन काळीच राहिली तर पॉवर केबल काढ, बोर्डावरचा तो नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर काढून ठेव आणि परत बसव. बायॉस मूळ स्थितीला येतं. कॅबिनेट उघडशीलच तर हेही बघ, की बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन्ही स्टिक प्रोसेसरकडून मोजल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये बसवलेल्या असतील तर दोन मार्गांऐवजी एकाच मार्गाने काम चाललंय, आणि वर सांगितलेले ३४ जीबीही तुला मिळत नाहीयेत.

फरक तुला नक्की जाणवेल. पण एवढ्याने काउंटर-स्ट्राइक १४४ वर ठाम बसेल असं मी म्हणणार नाही, कारण तुझा पहिला फोटो वेगळंच सांगतोय.

त्या फोटोत धुराच्या वेळी कार्ड ५८ टक्के चाललंय आणि प्रोसेसर ४९ टक्के. तू खाली लिहिलंयस, "दोघंही निम्मे मोकळे आहेत, मग अडतंय कुठे?" हा प्रश्न मला फार लोक विचारतात, म्हणून जरा थांबून सांगते. तुझा प्रत्येक कोअर एका वेळी कामाचे दोन धागे (थ्रेड) चालवतो, आणि प्रोसेसरचा तो आकडा अशा बारा धाग्यांची सरासरी आहे. पंगतीत बारा वाढपी उभे असले तरी आमटीची बादली एकाच्याच हातात असेल, तर पंगत त्या एकाच्या चालीने पुढे सरकते. बाकीचे अकरा मोकळे दिसले म्हणून जेवण लवकर उरकत नाही. गेममध्येही एक मुख्य धागा असतो. कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, आता काय रंगवायचं, हे ठरवणारा. तो एक धागा पूर्ण भरला की कार्ड हात बांधून उभं राहतं. कार्ड ५८ टक्क्यांवर असणं याचा अर्थ एवढाच, की ते प्रोसेसरची वाट बघतंय.

सायबरपंकच्या फोटोत कार्ड ९७ टक्के आहे. तिथे कार्ड जीव तोडून काम करतंय आणि प्रोसेसर त्याला पुरतोय. म्हणून तुला तो गेम 'बरा' वाटतो. नवा प्रोसेसर टाकलास तरी सायबरपंकची सरासरी फारशी हलणार नाही. गर्दीच्या रस्त्यावर गाडी भरधाव नेताना जे झटके बसतात ते कमी होतील, इतकंच. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पैसे गेल्यावर तुला वाटेल की फसलो.

खात्री करायची असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये बॉट्सबरोबर (संगणकच चालवतो त्या खेळाडूंबरोबर) एक मॅप लाव, एका ठरावीक कोपऱ्यात उभा राहा, धूर टाक आणि फ्रेम्स लिहून घे. मग रिझोल्यूशन एकदम खाली आण आणि तिथेच उभा राहून पुन्हा तेच कर. चित्र लहान झालं तरी फ्रेम्स तेवढ्याच राहिल्या, तर दोष कार्डाचा नाही. हा आकडा वहीत ठेव, नंतर लागेल.

आता प्रोसेसरकडे येऊ. बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात; तुझं सॉकेट एएम४. या सॉकेटवर पहिले रायझन २०१७ मध्ये आले, आणि २०२४ मध्येसुद्धा एएमडी याच सॉकेटसाठी नवे प्रोसेसर काढत होती. एवढं आयुष्य क्वचितच कुठल्या सॉकेटला लाभतं. त्यातही तुझा बी४५० थोडक्यात वाचलेला बोर्ड आहे. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं, की पुढची पिढी, म्हणजे ५००० मालिका, ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. जगभरच्या ग्राहकांनी इतका आवाज उठवला, की त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. नंतर २०२२ मध्ये तर ३०० मालिकेच्या त्याहून जुन्या बोर्डांनाही दार उघडलं. तू त्या वेळी कॉलेजात असशील, तुला हे कळलंही नसेल, पण आज त्याचा फायदा तुला मिळतोय. तुझ्या बोर्डावर, तुझ्याच रॅमसोबत, ५००० मालिका सरळ बसते.

दुकानदार खोटं बोलतायत असं मात्र मला वाटत नाही. ते सांगतात ते एएम५ सॉकेट २०२२ च्या सप्टेंबरात आलं, त्यावर फक्त डीडीआर५ चालते. तुझी डीडीआर४ त्या स्लॉटमध्ये शिरणारच नाही, मधली खाचच वेगळ्या जागी आहे. त्या वाटेने गेलास तर तिन्ही वस्तू बदलण्याशिवाय इलाज नाही. नवीन मशीन शून्यापासून जोडणाऱ्याला मीही तेच सांगितलं असतं. पण तुझ्याकडे चालता बोर्ड आहे, चालती रॅम आहे, २० हजार आहेत, आणि वेळ फार वाईट आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा माल तिकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने तुम्हा-आम्हाला रॅम विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ सुद्धा महागली. अशा दिवसांत हातातल्या १६ जीबी चांगल्या रॅमला भंगार म्हणणं मला पटत नाही. ती विकायलाही जाऊ नकोस.

मावसभावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे येतात, आणि १२४००एफ गेमसाठी चांगला प्रोसेसर आहे. पण त्यासाठी तुला नवा बोर्डही घ्यावा लागेल, आणि गेममध्ये जे पदरात पडेल ते साधारण तेवढंच, जेवढं मी पुढे सांगतेय त्या प्रोसेसरकडून बोर्ड न बदलता मिळतं. शिवाय ते सॉकेटही मागे पडलंय. २०२४ च्या ऑक्टोबरात इंटेल नव्या सॉकेटवर गेली आणि तिथेही फक्त डीडीआर५ आहे. बोर्डाचे पैसे कशाला घालवायचे?

राहिला तुझ्या मित्राचा ५८००एक्स३डी. हा प्रोसेसर मला मनापासून आवडतो, म्हणून तो तुला नको हे सांगताना कारण नीट सांगते.

प्रोसेसरच्या पोटात थोडी स्वतःची मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. स्वयंपाक करताना ओट्यावर मिसळणाचा डबा असतो ना, तशी. मोहरी, हळद, तिखट हाताशी. डब्यात नसेल ते आणायला कोठीच्या खोलीत जावं लागतं, ती कोठी म्हणजे रॅम. तुझ्या २६०० मध्ये असा १६ एमबीचा डबा आहे, पण तोही दोन गटांत अर्धा-अर्धा वाटलेला, म्हणजे कुठल्याही एका कोअरच्या हाताशी ८ एमबीच. साध्या ५६०० मध्ये, जो मी तुला शेवटी सुचवणार आहे, ३२ एमबी आहे आणि तो सगळ्या कोअरना मिळून एकच. म्हणजे एका कोअरच्या दृष्टीने चौपट. ५८००एक्स३डी मध्ये एएमडीने त्याच्या डोक्यावर आणखी एक थर चढवून हा डबा ९६ एमबीचा केला. कोठीत जाण्याच्या खेपा इतक्या कमी होतात, की रॅम थोडी सावकाश असली तरी त्याला फारसं वाटत नाही. जुनी रॅम ठेवणाऱ्यांना हा प्रोसेसर इतका भावला, तो यामुळेच. विमानाचे सिम्युलेटर, मोटार रेसिंगचे सिम्युलेटर, हजारो कामगार-यंत्रं एकदम चालवणारे गेम, इथे तो आपल्यापेक्षा नव्या प्रोसेसरांच्या बरोबरीने उभा राहतो. काउंटर-स्ट्राइकलाही त्याचा फायदा होतो, हे मित्राचं खरं आहे.

पण तुझा मॉनिटर १४४ चा आहे आणि कार्ड ३०६०. साध्या ५६०० कडे काउंटर-स्ट्राइक १४४ च्या वर ठेवण्याइतका जोर आहे. त्याच्या पुढच्या फ्रेम्स तुझ्या पडद्यावर दिसणारच नाहीत. ५८००एक्स३डी २०२२ मध्ये ४४९ डॉलरला आला होता, त्याच महिन्यात ५६०० आला १९९ डॉलरला. २०२४ च्या जानेवारीत ५७००एक्स३डी हा त्याचा धाकटा भाऊ २४९ डॉलरला आला, तो तुला तेव्हा मिळाला असता तर मीही मोहात पडले असते. आता दोन्ही नव्या डब्यात सहज मिळत नाहीत. जुने मिळतात ते बिलाशिवाय, वॉरंटीशिवाय, आणि विकणाराही त्याची किंमत ओळखून असतो. पुन्हा या दोन्हींसोबत डब्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि तुझा आत्ताचा छोटा कूलर १०५ वॉटच्या त्या प्रोसेसरला पुरणार नाही. भिशीचे सगळे पैसे एका वापरलेल्या चिपमध्ये अडकवू नकोस.

तू रायझन ५ ५६०० घे.

सहा कोअर, बारा धागे, ४.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत धाव, ३२ एमबी कॅश. तुझ्या जुन्यासारखाच ६५ वॉटचा, म्हणजे पॉवर सप्लायला हात लावायचं कारण नाही. ३२०० ची रॅम त्याला अधिकृतपणे चालते, म्हणजे तुझ्या त्याच दोन स्टिक शेवटी पूर्ण गतीने आणि हमीने धावतील. डब्यात कूलर येतो. आणि २० हजारांत तो बसून पैसे उरतात. आठ कोअरचा ५७००एक्सही याच घराण्यातला आणि चांगला आहे, पण तो मी व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला किंवा गेम खेळता-खेळता स्ट्रीम करणाऱ्याला सांगेन. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही. नुसत्या गेमसाठी जास्तीचे दोन कोअर बसूनच राहतील.

दुकानात एक गोष्ट फार जपून कर: नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. एएमडीने ५००० मालिकेत एकसारख्या नावांखाली दोन वेगळ्या चिपा विकल्या आहेत. ५५००, ५६००जी आणि एक्स नसलेला ५७००, या तिघांत कॅश १६ एमबीच आहे. "५७०० घ्या, ५६०० पेक्षा मोठा आकडा आहे, आठ कोअर आहेत" असं कुणी म्हणेल. आठ कोअर खरे, पण मिसळणाचा डबा निम्मा, आणि तुझ्या गेमला नेमका डबाच हवाय. ५६००एक्स चालेल, पण तो २०० मेगाहर्ट्‌झने जास्त आहे इतकंच; भावात शे-दोनशेचा फरक असेल तरच घे. सुटा, डब्याशिवायचा प्रोसेसर स्वस्त सांगतील, तोही नको. डब्यातल्यावर ३ वर्षांची कंपनीची वॉरंटी असते. जीएसटीचं पक्कं बिल घे आणि डब्यावरचा नंबर बिलावर लिहून घे. कुणी ओळखीचं मुंबईला जाणार असेल आणि लॅमिंग्टन रोडवरून आणवायचा विचार असेल, तरी हे तीन नियम त्यांना आधी सांग.

आता बसवण्याबद्दल. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पैसे वाया जातात ते बहुधा इथेच.

नवा प्रोसेसर हातात आला की लगेच जुना काढू नकोस. २०१९ चं बायॉस ५६०० ला ओळखत नाही. जुना २६०० जागेवर असतानाच बायॉस अपडेट करायचं. आधी बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव आणि रिव्हिजन वाच, टॉर्च मारून, अंदाजाने नको. कंपनीच्या साइटवर त्याच नावाच्या पानावर जा, प्रोसेसरांच्या यादीत ५६०० समोर कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. काही बोर्डांना आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते, मगच शेवटची. तशी सूचना असेल तर ती पायरी गाळू नकोस. फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर घे आणि बायॉसच्या आतून अपडेट चालव. त्या चार-पाच मिनिटांत वीज गेली तर बोर्ड मरू शकतो. वीज जाण्याची वेळ टाळ. पतसंस्थेतला यूपीएस रविवारपुरता मागून आणता आला तर आण.

दुसरी गोष्ट विंडोजची. फोटोवरून तुझं विंडोज ११ दिसतंय. त्यात ड्राइव्ह एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, झालेली असू शकते आणि आपल्याला पत्ताही नसतो. नव्या प्रोसेसरने मशीन पहिल्यांदा सुरू होताना काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक प्रश्न येईल: नवा सीपीयू सापडला, एफटीपीएम (अशा किल्ल्या जपून ठेवणारी जागा) रिसेट करू का, वाय की एन? ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल आणि तू वाय दाबलंस, तर विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागेल. ती नसेल तर आतले फोटो, कागदपत्रं सगळी कुलूपबंद. म्हणून आदल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद कर किंवा ती की कागदावर उतरवून घे, आणि मग निर्धास्तपणे वाय दाब.

तिसरी गोष्ट मी अंगावर झेलून शिकले. २०२१ मध्ये भाच्याचं मशीन उघडलं होतं. असाच एएम४ बोर्ड, तीन वर्षांत कधी न काढलेला कूलर. चारही स्क्रू सोडवले आणि कूलर सरळ वर ओढला. लागलीच कट्‌ असा बारीक आवाज झाला. कूलर उलटा केला तर प्रोसेसर त्याच्या तळाला चिकटलेला, खटका न उघडता सॉकेटमधून उपटून निघालेला, आणि कडेच्या तीन पिना आडव्या झालेल्या. भाचा शेजारीच उभा होता, त्याचा चेहरा अजून आठवतो. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, शिवणाच्या सुईपेक्षा बारीक. खिडकीपाशी उजेडात बसून क्लच पेन्सिलीतली शिसं काढून टाकली, तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर घातलं आणि केसभर-केसभर सरळ केलं. तासभर लागला. प्रोसेसर चालला, पण एखादी पिन तुटली असती तर तो गेलाच असता.

तुझ्या कूलरखालची, प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्टही आता वाळून कडक झालेली असणार. म्हणून काढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं गेम चालू ठेव, पेस्ट गरम होऊन सैल पडते. मग मशीन बंद, केबल काढ, कॅबिनेट आडवं झोपव. चारही स्क्रू तिरक्या जोडीने थोडे-थोडे सोडव. ते पूर्ण सुटले की बोर्डाच्या मागची धातूची पट्टी खाली पडते, म्हणून मागून एक हात लाव किंवा कुणाला तरी धरायला सांग. कूलर वर ओढायचा नाही; आधी डावी-उजवीकडे हलके पिळायचा, घट्ट बसलेल्या बरणीच्या झाकणासारखा. तो जागेवर सरकायला लागला की मगच उचल. मग सॉकेटशेजारचा खटका वर कर आणि जुना प्रोसेसर दोन बोटांनी सरळ उचल.

नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण आहे, तसाच त्रिकोण सॉकेटच्या कोपऱ्यातही आहे. दोन्ही जुळव आणि सोडून दे. तो स्वतःच्या वजनाने आत बसतो. बसत नसेल तर दिशा चुकलीय, दाबू नकोस. खटका खाली कर. नव्या कूलरच्या तळाला पेस्ट कारखान्यातूनच लावलेली असते, तिला बोट लागू देऊ नकोस. स्क्रू पुन्हा तिरक्या जोडीने, दोन-दोन फेरे करत आवळ. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी लाव; घाईत हीच राहते.

पहिल्या वेळी मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. ते रॅमशी ओळख करून घेतंय, थांब. बायॉस अपडेटने एक्सएमपी पुन्हा पुसलं गेलेलं असेल, म्हणून तेव्हा लगेच ते परत चालू कर.

उरलेल्या पैशांतून आणखी रॅम घ्यायचा मोह होईल. तुझ्या फोटोत सायबरपंक चालू असताना १६ पैकी ११ जीबी भरलेली दिसतेय, सध्या पुरेशी आहे. वेगळ्या कंपनीच्या दोन स्टिक आणून मिसळल्यास तर चारही सर्वांत सावकाश स्टिकच्या गतीने चालतील, किंवा ३२०० ला मशीन अडेल. गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर एसएसडीकडे बघ. नसेल, तर पैसे तसेच ठेव. आणि २६०० टाकून देऊ नकोस, नव्या प्रोसेसरच्या डब्यातल्या प्लास्टिकच्या खोक्यात पिनांना धक्का न लागू देता ठेव. मावसभावाचं मशीन एएम४ चं असेल तर त्याला, नाहीतर कॉलेजातल्या कुणाला तरी तो अजून दोन-तीन वर्षं उपयोगी पडेल.

आज मात्र फक्त एक्सएमपी. मग त्याच मॅपवर, त्याच कोपऱ्यात, तोच धूर टाकून फ्रेम्स लिहून ठेव आणि दोन्ही आकडे मला पाठव. ३२०० न पेलता २९३३ वरच थांबावं लागलं तर तेही कळव, बोर्डाचं पूर्ण नाव लिहून. कुठल्या आवृत्तीचं बायॉस घ्यायचं ते आपण दोघं मिळून बघू, मग प्रोसेसरची ऑर्डर दे.